ठिणगी, जळण आणि कोरडी हवा: वणव्यांच्या वादात नेमकं काय तपासायचं

वणव्यांच्या वादात हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला: बहुतेक वणवे माणसांमुळेच लागतात, शिवाय जंगलात साठलेला पालापाचोळा आणि झुडपं कोणी काढत नाही, मग यात हवामान बदलाचा संबंध कुठे येतो? दुसरा: वणव्यांच्या एका हंगामात एखाद्या देशाच्या वर्षभराच्या उत्सर्जनापेक्षा जास्त कार्बन हवेत जात असेल, तर गाड्या आणि वीजकेंद्रांच्या मागे लागून काय साधणार? या दोन्ही प्रश्नांतली मूळ माहिती बरीचशी खरी आहे. चूक होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात, आणि ती नेमकी कुठे होते हे आकड्यांनिशी दाखवता येतं.

वणवा मोठा व्हायला तीन गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच वेळी जुळून याव्या लागतात: पेटवणारी ठिणगी, सलग पसरलेलं जळण, आणि ते जळण पेट घेईल इतकं सुकवणारी हवा. वारा आणि चढ आगीचा वेग ठरवतात. चढाचा कोन दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. वाद घालताना लोक या तिघांपैकी एकच गोष्ट पकडून बसतात आणि उरलेल्या दोन नाकारतात. म्हणून कोणी ‘वणव्याचं खरं कारण’ सांगू लागलं की आधी विचारा: आग लागण्याचं, पसरण्याचं, की दरवर्षी आणखी मोठं क्षेत्र जळण्याचं? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आधी ठिणगी. अमेरिकेतल्या १९९२ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा ८४ टक्के वणव्यांची सुरुवात माणसांमुळे झालेली आढळली. हा आकडा सगळीकडे फिरतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र फिरत नाही: जळालेल्या एकूण क्षेत्रात या वणव्यांचा वाटा ४४ टक्के होता, उरलेलं क्षेत्र वीज पडून लागलेल्या आगींनी जाळलं. कॅनडात ही तफावत आणखी मोठी आहे. तिथे साधारण निम्मे वणवे विजेमुळे लागतात, पण जळालेल्या क्षेत्राचा बहुतांश भाग त्यांच्याच वाट्याला जातो. एकाच वादळात कित्येक ठिकाणी आग लागते, जागा वस्तीपासून आणि रस्त्यांपासून दूर असतात, आणि माणसं तिथे पोचेपर्यंत आग हाताबाहेर गेलेली असते. वणव्यांची संख्या आणि जळालेलं क्षेत्र हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले की अख्खा वाद भरकटतो.

‘माणसांमुळे’ याचा अर्थ ‘मुद्दाम लावलेला’ असाही नाही. त्यात वीजवाहिन्या येतात, शेतातला कचरा जाळताना उडालेले निखारे येतात, गवत कापायच्या यंत्राचं दगडावर घासलेलं पातं येतं, सुक्या गवतावर उभ्या केलेल्या गाडीचा तापलेला सायलेन्सर येतो. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांच्या वेळी ‘१८३ जणांना आगी लावल्याबद्दल पकडलं’ अशी बातमी जगभर फिरली. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या पोलिसांनी १८३ जणांवर कारवाई केली होती हे खरं, पण त्यांत मुद्दाम वणवा लावल्याचा आरोप २४ जणांवर होता. बाकीच्यांमध्ये आगबंदीचा नियम मोडणारे ५३ आणि जळती सिगारेट किंवा काडी टाकणारे ४७ जण होते. त्याच हंगामात पाच लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र जाळणारी गॉस्पर्स माउंटनची आग वीज पडून लागलेली होती.

ठिणगीचा मुद्दा मोठं क्षेत्र का जळतं याचं उत्तर का देत नाही, ते पुढच्या गोष्टीवरून कळेल. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून वणव्यांची वार्षिक संख्या वाढलेली नाही, जळालेलं क्षेत्र मात्र वाढलं आहे. लागलेल्या आगींपैकी ९७-९८ टक्के पहिल्या धावपळीतच आटोक्यात येतात. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांतून मोठं नुकसान होतं, आणि त्या बहुतेक अशा दिवशी लागलेल्या असतात जेव्हा जळण पूर्ण सुकलेलं आणि वारा जोराचा असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. ठिणगी पडली ती वीजवाहिनीच्या सुमारे शंभर वर्षं जुन्या, झिजलेल्या हुकामुळे. त्याचा दोष वीज कंपनीचाच, आणि तिने तो न्यायालयात कबूल केला. पण एरवी त्या सुमाराला शरदातला पहिला पाऊस होऊन गेलेला असतो. त्या वर्षी ८ नोव्हेंबर उजाडला तरी तो आलेला नव्हता. कंपनीचा दोष मान्य केल्याने कोरडेपणा खोटा ठरत नाही, आणि कोरडेपणा दाखवून दिल्याने कंपनी सुटत नाही.

आता कोरडेपणाबद्दल जरा सविस्तर, कारण हवामान बदल वणव्यात शिरतो तो मुख्यतः इथून.

मेलेलं जळण म्हणजे गवत, पाचोळा, काटक्या, पडलेले ओंडके. ते हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतात. किती वेगाने, हे जाडीवर ठरतं. दोरीवर वाळत घातलेला रुमाल तासाभरात सुकतो आणि गोधडीला दोन दिवस लागतात, तसंच इथे होतं. वणव्याचा अंदाज बांधणारे लोक जळणाचे चार वर्ग करतात: ६ मिलिमीटरपर्यंतचं बारीक जळण म्हणजे एक तासाचं, ६ ते २५ मिलिमीटरचं दहा तासांचं, २५ ते ७५ चं शंभर तासांचं आणि ७५ ते २०० चं हजार तासांचं. तेवढ्या वेळात त्या जळणाचा ओलावा आणि हवेशी जुळणारा ओलावा यांतला साधारण दोन तृतीयांश फरक भरून निघतो. म्हणजे गवत एका दुपारीत सुकतं, पण मांडीएवढा ओंडका सुकायला हजार तास, जवळपास सहा आठवडे, कोरडी हवा लागते.

ओलावा कोरड्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. बारीक जळणात तो २५-३० टक्क्यांच्या वर असेल तर आग सहसा पुढे सरकत नाही. तो ५-६ टक्क्यांवर आला की उडून पडलेल्या जवळजवळ प्रत्येक निखाऱ्यातून नवी आग धरते, आणि मग जाळरेषा (आग अडवायला जळण काढून मोकळी केलेली पट्टी) कितीही रुंद असली तरी आग तिच्यावरून उडी मारते. जिवंत झाडाझुडपांत एरवी कोरड्या वजनाच्या १०० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कॅलिफोर्नियातल्या झुडपी रानांत ते ६० टक्क्यांच्या आसपास आलं की हिरवी झुडपंसुद्धा सुक्या जळणासारखी पेटतात, म्हणून तिथले अग्निशमन विभाग ठरावीक दिवसांनी फांद्या तोडून, वजन करून, भट्टीत सुकवून पुन्हा वजन करतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ‘गेल्या आठवड्यात तर पाऊस झाला होता’ हा युक्तिवाद जंगलाच्या बाबतीत तोकडा पडतो. तेवढ्या सरीने गवत ओलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुकतं, महिनोन्‌महिने सुकलेला ओंडका आतून कोरडाच राहतो. दोन, गवताळ प्रदेशात जंगलाइतका हवामान बदलाचा ठसा दिसत नाही, कारण गवत थंडीतही एका कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी पेटू शकतं. दीर्घ उन्हाळ्याचा, लवकर वितळणाऱ्या बर्फाचा खरा परिणाम जाड जळणावर आणि जिवंत झाडांवर होतो. प्रत्येक वणव्याला सरसकट हवामान बदलाचं लेबल लावणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा.

‘तापमान तर एक-दीड अंशानेच वाढलंय, त्याने काय होतं?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर कागदावर करून बघता येतं. हवेची सुकवण्याची ताकद नुसत्या तापमानावर ठरत नाही. हवा किती बाष्प धरू शकते आणि प्रत्यक्षात किती धरून आहे, यांतल्या फरकावर ती ठरते. या फरकाला बाष्पदाबाची तूट म्हणतात. ३० अंश सेल्सिअसला हवा जास्तीत जास्त सुमारे ४.२४ किलोपास्कल बाष्पदाब धरू शकते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर प्रत्यक्षात १.२७ आहे, म्हणजे तूट २.९७. आता हवेतलं बाष्प तेवढंच ठेवून तापमान ३२ अंश करा. कमाल मर्यादा जाते ४.७५ च्या आसपास आणि तूट होते ३.४८. दोन अंशांत सुकवण्याची ताकद १७ टक्क्यांनी वाढली. ही वाढ एका दुपारपुरती नसते, अख्ख्या हंगामभर साचत जाते. समुद्र जमिनीपेक्षा हळू तापतो, त्यामुळे जमिनीवरच्या हवेला वाढीव मर्यादेइतकं बाष्प मिळत नाही, आणि तूट रुंदावत जाते.

रात्रीचंही असंच. पूर्वी संध्याकाळनंतर हवा गार झाली की सापेक्ष आर्द्रता चढायची, बारीक जळण ओलावा धरायचं, आग जमिनीलगत बसायची आणि आग विझवणाऱ्यांना हातात सात-आठ तास मिळायचे. अनेक प्रदेशांत या रात्री आता तेवढ्या दमट होत नाहीत. माझ्या मते दिवसाच्या उच्चांकापेक्षा हा बदल जास्त घातक आहे, कारण आग आटोक्यात आणण्याचं निम्मं काम रात्र करून देत असे.

या सगळ्याचा एकत्रित हिशेब काय? पश्चिम अमेरिकेतल्या जंगलांसाठी २०१६ साली असा हिशेब मांडला गेला: १९८४ ते २०१५ या काळात माणसाने घडवलेल्या तापमानवाढीमुळे सुमारे ४२ लाख हेक्टर जास्तीचं जंगल जळालं, म्हणजे जळालेलं एकूण क्षेत्र, ती वाढ झाली नसती तर जेवढं जळालं असतं त्याच्या जवळपास दुप्पट झालं. ऑस्ट्रेलियाच्या २०१९-२० च्या हंगामाबाबत, तसं आगीला पोषक हवामान असण्याची शक्यता हवामान बदलामुळे किमान ३० टक्क्यांनी वाढली होती, असा निष्कर्ष निघाला. या वाक्यांची रचना नीट बघा. ‘हा वणवा हवामान बदलाने लावला’ असं त्यांत कुठेही नाही. शक्यता किती वाढली, क्षेत्र किती वाढलं, एवढंच म्हटलं आहे. वादात असंच बोलावं, कारण पहिलं वाक्य खोडून काढणं सोपं आहे आणि दुसरं मोजून मांडलेलं आहे.

आता जळण. जंगलाची निगा राखली नाही म्हणून वणवे भडकतात, हे काही जंगलांबाबत अगदी खरं आहे. पश्चिम अमेरिकेतल्या कोरड्या पाइनच्या जंगलांत पूर्वी पाच ते वीस वर्षांनी एकदा जमिनीलगतची हलकी आग फिरून जायची. त्यातल्या बऱ्याच आगी आदिवासी लोक विचारपूर्वक लावत. १९१० च्या उन्हाळ्यात तिथे सुमारे १२ लाख हेक्टर जळाल्यानंतर धोरण उलटं फिरलं. १९३५ साली नियमच झाला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात यायला हवी. शंभर वर्षं पाचोळा साठत गेला, मोठ्या झाडांखाली कोवळ्या झाडांची दाटी झाली, आणि जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढायला वाट मिळाली. अशा जंगलात विरळणी (दाटीतली काही झाडं काढणं) आणि नियंत्रित जाळ (ठरवून, आटोक्यात लावलेली आग) हाच उपाय आहे.

पण हा उपाय सगळीकडे लागू नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडची झुडपी रानं वारंवार जाळली तर झुडपं पुन्हा उभी राहत नाहीत, त्यांच्या जागी बाहेरून आलेलं गवत माजतं आणि ते आणखी सहज पेटतं. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलांत शेंड्यांवरून पळणारी आग हीच निसर्गाची रीत आहे, तिथे शंभर-दीडशे वर्षांनी सगळं जळून नव्याने उगवतं. सायबेरिया किंवा उत्तर कॅनडातलं कोट्यवधी हेक्टर जंगल झाडून काढणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. ‘जंगल साफ करा’ म्हणणाऱ्याला कोणतं जंगल, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जिथे लागू आहे तिथे कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी जमिनीवरचं जळण कमी करायचं, मग मधल्या उंचीची झुडपं आणि खालच्या फांद्या काढायच्या, मग शेंड्यांमधली दाटी विरळ करायची, आणि जाड सालीची मोठी झाडं राखायची. ठेकेदाराचा कल नेमका उलटा असतो, कारण विकाऊ लाकूड मोठ्या झाडांत असतं. मोठी झाडं तोडून फांद्या-डहाळ्या जमिनीवरच टाकल्या तर वणव्याचा धोका कमी होण्याऐवजी वाढतो: जमिनीवर जळण जास्त झालं, सावली गेली, वाऱ्याला मोकळीक मिळाली. त्यामुळे विरळणीनंतर त्या डहाळ्यांचं काय केलं, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘इतक्या हेक्टरांवर काम झालं’ या आकड्याला अर्थ नाही.

नियंत्रित जाळासाठी आधी हवामानाची मर्यादा लिहून ठरवतात. पाइनच्या जंगलात साधारण सापेक्ष आर्द्रता २५ ते ५० टक्के, वारा मंद पण एका दिशेचा, बारीक जळण पेट घेईल एवढं सुकं आणि जाड ओंडके आतून ओले, असा दिवस निवडतात. एका कोपऱ्यात छोटी चाचणीची आग लावून ती कशी वागते ते बघतात. मग वाऱ्याच्या पुढच्या कडेची पट्टी वाऱ्याविरुद्ध हळूहळू जाळून घेतात, आणि ती काळी झाल्यावरच आतल्या भागाला हात लावतात. सगळ्यात दुर्लक्षित काम शेवटचं: विझल्यासारखं दिसलं तरी बुंधे, मुळं आणि ढिगांच्या तळाशी हात जमिनीजवळ नेऊन धग तपासणं, पाणी घालून उकरणं, आणि पुढचे कित्येक दिवस फेऱ्या मारणं. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत याच ठिकाणी घात झाला. जानेवारीत जाळलेल्या ढिगांपैकी काही बर्फाखाली धुमसत राहिले, एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात पुन्हा पेटले, आणि जवळच नियंत्रणाबाहेर गेलेल्या दुसऱ्या नियोजित जाळाशी मिळून सुमारे १ लाख ३८ हजार हेक्टर जळाले. त्यामुळे नियंत्रित जाळ वाईट ठरत नाही, पण ओल्या हिवाळ्यांच्या काळात ठरलेली फेऱ्यांची आणि तपासणीची पद्धत आता पुरत नाही, हे ठरतं. सुरक्षित जाळाचे दिवसही अनेक ठिकाणी कमी होत चालले आहेत. म्हणजे ‘हवामान की व्यवस्थापन’ असा वाद घालणारे ज्या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, त्यांतली पहिली दुसरीचाच गळा आवळते आहे.

एक खराखुरा आकडा नेहमी चुकीच्या कामाला जुंपला जातो: १९९८ ते २०१५ या काळात जगातलं एकूण जळणारं क्षेत्र सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. हे खरं आहे. पण ही घट मुख्यतः गवताळ प्रदेशांतली, विशेषतः आफ्रिकेतली आहे, कारण तिथे कुरणांची शेतं झाली आणि सलग गवत तुटलं. एक हेक्टर गवत आणि एक हेक्टर दाट जंगल हे क्षेत्राच्या आकड्यात सारखे, कार्बनच्या आकड्यात त्यांची तुलनाच होत नाही. २००१ ते २०२३ या काळात जंगलांतल्या वणव्यांमधून होणारं कार्बन उत्सर्जन सुमारे ६० टक्क्यांनी वाढलं, आणि उत्तरेकडच्या काही जंगलांत ते जवळपास तिप्पट झालं. क्षेत्र घटलं आणि जंगलांचं जळणं वाढलं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

इथून कार्बनच्या प्रश्नाकडे येऊ. वणव्यातलं उत्सर्जन काढायची पद्धत सोपी आहे: जळालेलं क्षेत्र, गुणिले दर हेक्टरी प्रत्यक्ष जळून गेलेलं कोरडं वजन, गुणिले त्यातला कार्बन. कोरड्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो. कार्बनचं कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ ने गुणायचं. समजा १०,००० हेक्टर जळालं आणि हेक्टरी ३० टन जळण गेलं. म्हणजे ३ लाख टन जळण, दीड लाख टन कार्बन. तो सगळा कार्बन डायऑक्साइड झाला तर साडेपाच लाख टन, पण साधारण दहावा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, काजळी अशा रूपांत जातो, म्हणून पाच लाख टनांच्या आसपास धरा. एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हा एक मध्यम वणवा जवळपास २२ कोटी लिटर पेट्रोलएवढा झाला.

या हिशेबात चार ठिकाणी गफलत होते. जंगलातलं सगळं लाकूड जळालं असं धरलं जातं, प्रत्यक्षात खोडं बहुतेक उभी राहतात आणि पाचोळा, डहाळ्या, मातीवरचा सेंद्रिय थर जळतो, त्यामुळे आकडा पाच-दहा पट फुगतो. कार्बनचे टन आणि कार्बन डायऑक्साइडचे टन एकमेकांत मिसळले जातात, ही पावणेचार पटींची चूक. एकर आणि हेक्टर यांची गल्लत, ही अडीच पटींची. आणि चौथी, वणव्याच्या बाहेरच्या सीमारेषेतलं सगळं क्षेत्र जळालेलं मानणं. कॅनडाच्या २०२३ च्या हंगामाचा सुरुवातीचा आकडा १.८ कोटी हेक्टरांच्या आसपास होता. सीमेच्या आतली तळी आणि न जळलेले तुकडे वगळून बारकाईने मोजल्यावर तो १.५ कोटींच्या आसपास आला. तरीही तो आधीच्या विक्रमाच्या दुप्पट आहे.

त्या एका हंगामात कॅनडातल्या आगींतून सुमारे ६५ कोटी टन कार्बन, म्हणजे जवळपास २.४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. तो देश कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला जेवढा सोडतो त्याच्या चौपट. तेव्हा ‘एक हंगाम देशाच्या उत्सर्जनावर भारी पडतो’ हे विधान खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जगाच्या पातळीवर बघा. सर्व प्रकारच्या वणव्यांतून आणि गवताच्या आगींतून वर्षाला सरासरी २.२ अब्ज टन कार्बन निघतो (१९९७ ते २०१६ ची सरासरी), आणि जीवाश्म इंधनांतून सुमारे १० अब्ज टन. शिवाय त्या २.२ मधला निम्म्याहून बराच जास्त भाग गवताळ प्रदेशांचा आहे, जिथे पुढच्या पावसात गवत उगवून तो परत शोषून घेतं. कोळसा आणि तेलाच्या बाबतीत अशी परतफेड होत नाही. तो कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता, हवा-झाडं-माती या चक्रात तो नव्हताच. आपण तो बाहेरून चक्रात ओततो आहोत.

हे नुसतं तर्काने सांगायची गरज नाही, हवेतच त्याची खूण सापडते. जिवंत झाडांत कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार असतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं, त्यामुळे कोळशात आणि तेलात तो पूर्ण संपलेला असतो. हवेतली वाढ जंगलं जळून झाली असती तर कार्बन-१४ चं प्रमाण फारसं हललं नसतं. रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५५ सालीच विसाव्या शतकातल्या लाकडात ते पातळ झालेलं मोजून दाखवलं. औद्योगिक काळाआधी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत, आणि ही वाढ जाळलेल्या इंधनाच्या हिशेबाशी जुळते. उत्सर्जनाचा साधारण निम्मा भागच हवेत उरतो, बाकीचा जंगलं, माती आणि समुद्र शोषून घेतात. इथेच वणव्यांची खरी भीती आहे: जी जंगलं आपलं उत्सर्जन फुकटात शोषून घेत होती, तीच जळू लागली तर हवेत उरणारा वाटा वाढेल.

म्हणूनच ‘झाडं पुन्हा उगवतात, हिशेब शून्य’ असं म्हणणंही चुकीचं आहे. कार्बन परत यायला दशकं लागतात आणि दोन आगींमधलं अंतर तेवढं मोठं असावं लागतं. काळ्या स्प्रूसला पुरेसा बियांचा साठा करायला काही दशकं जावी लागतात, त्याआधी दुसरी आग आली तर ते जंगल त्याच रूपात परतत नाही. उत्तरेकडच्या या जंगलांत जळणाऱ्या कार्बनचा मोठा भाग झाडांतला नसतोच, तो मातीवरच्या शेवाळ-पाचोळ्याच्या जुन्या थरातला असतो. सगळ्यात वाईट अवस्था पीटची. हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साचलेले सेंद्रिय थर कालवे खणून सुकवले की ते महिनोन्‌महिने धुमसतात. इंडोनेशियात १९९७ साली अशा आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन गेला, त्या वर्षीच्या जगातल्या जीवाश्म इंधनांच्या उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के. पीट पुन्हा साचायला हजारो वर्षं लागणार, म्हणून हिशेबाने हा कार्बन कोळशाच्याच रांगेत बसतो. उपायही आग विझवण्याचा नाही, कालवे अडवून पाणी वर आणण्याचा आहे. इंडोनेशियाच्या नियमात पाण्याची पातळी जमिनीखाली ४० सेंटिमीटरच्या आत ठेवायची अट याचसाठी आहे.

देशांच्या अधिकृत उत्सर्जन-नोंदींमध्ये हे सगळं दिसतं का? पूर्ण नाही. व्यवस्थापनाखालच्या जमिनीवरचंच उत्सर्जन मोजायचं, आणि त्यातही नैसर्गिक आपत्तीचा भाग वेगळा काढायचा, अशी मुभा आहे, आणि कॅनडासारखे देश ती वापरतात. पण हवा ती मुभा ओळखत नाही. त्यामुळे देशाच्या जाहीर आकड्याशी वणव्याच्या आकड्याची तुलना करताना दोन्हींत काय धरलं आणि काय सोडलं, ते वाचून घ्या.

याच कारणाने जंगल राखण्याच्या बदल्यात विकल्या जाणाऱ्या कार्बन क्रेडिटकडे, म्हणजे दुसरीकडच्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून विकत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांकडे, सावधपणे बघायला हवं. अशा प्रकल्पांत वणव्याची जोखीम म्हणून क्रेडिटचा काही टक्के भाग सामायिक राखीव साठ्यात ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या योजनेत वणव्यांसाठीचा हा साठा १०० वर्षं पुरावा अशी कल्पना होती, आणि २०२२ साली झालेल्या तपासणीत तो दहा वर्षांच्या आतच जवळजवळ संपल्याचं दिसलं, कारण जोखीम जुन्या, कमी आगींच्या काळावरून ठरवली होती. उलट उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गवताळ रानांत आदिवासी समूह कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच हलकी, तुकड्यातुकड्यांची आग लावतात, म्हणजे ऋतूअखेरीच्या भडक आगी टळतात. तिथे टळलेल्या उत्सर्जनाचं क्रेडिट मोजताना वाचलेला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडच धरतात, कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण गवत तो परत घेणारच असतं. हा हिशेब प्रामाणिक आहे. क्रेडिट विकणाऱ्याला चार गोष्टी लेखी विचारा: राखीव भाग किती टक्के आहे, जोखीम कोणत्या वर्षांच्या आगींवरून काढली, प्रकल्प जळाला तर किती दिवसांत मोजणी होऊन तूट कोण भरणार, आणि पुन्हा लागवड झाल्यावर ती वाढली की नाही हे कोण तपासणार. चारही उत्तरं मिळाली तरी ते जंगल राखायला दिलेले पैसे समजा, जाळलेल्या कोळशाची भरपाई म्हणून वहीत लिहू नका.